भाद्रपदातली कादंबरी

प्रस्तावना

एका महिन्यात कादंबरी लिहून होते का, असं कुणी विचारलं तर मराठी माणसानं उत्तरासाठी फार लांब जायचं कारण नाही. ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, गुरुवारी, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली आणि १३ फेब्रुवारीला, सोमवारी पहाटे हातावेगळी केली. महिना सोडाच, आठवडाही भरला नाही. पुढं तीस वर्षांनी, १९६३ च्या पावसाळ्यात, पंचविशीतले भालचंद्र नेमाडे मुंबईतली धडपड सोडून खानदेशात सांगवीला घरी परतले होते. तिथं स्वतःला कोंडून घेऊन तीन आठवड्यांच्या आत त्यांनी ‘कोसला’ लिहिली आणि त्याच वर्षी ती छापूनही आली. एका पुस्तकानं घरोघरच्या वाचकांना रडवलं, दुसऱ्यानं मराठी कादंबरीचं बोलणंच बदलून टाकलं. ‘श्यामची आई’ला कादंबरी म्हणायचं की आठवणी, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. लिहिणाऱ्याला त्यातून जे शिकायचं ते दोन्ही बाजूंनी सारखंच आहे.

आता यावरून लोक एक सोपा अर्थ काढतात. थोर माणसं, झपाटलेली होती, सुचलं आणि सरसर उतरलं. मला हा अर्थ मान्य नाही, कारण तो लिहू पाहणाऱ्याला नाउमेद करतो. राणीसावरगावातल्या, पालममधल्या, गंगाखेडातल्या ज्या पोरापोरींच्या डोक्यात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं घोळते आहे त्यांना तो सांगतो की तुम्ही झपाटलेले नाही, म्हणून तुमचं काम नाही. खरी हकिगत वेगळी आहे.

साने गुरुजींची आई १९१७ साली गेली. म्हणजे लेखणी हातात घेण्याआधी ती आई पंधरा वर्षांहून जास्त काळ त्यांच्या मनात बोलत होती. त्या आठवणी त्यांनी सोबत्यांना सांगितल्या होत्या, आणि सांगताना कुठं ऐकणारा गलबलतो, कुठं त्याचं लक्ष उडतं, हे सांगणाऱ्याला कळत जातं. आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा कुणी या अंगानं पाहत नाही. आदल्याच वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथं २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत होते. अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचनं उतरून घेतली साने गुरुजींनी. बोलण्याच्या वेगानं चालणारी लेखणी, ऐकलेलं वाक्य मोडू न देता कागदावर आणणारा हात, आणि बोलल्यासारखं वाहतं गद्य, हे सगळं धुळ्याला घोटून झालेलं होतं. नाशिकचे पाच दिवस आपल्याला दिसतात. धुळ्याचे अठरा रविवार दिसत नाहीत. मला मात्र ‘श्यामची आई’च्या पानापानावर ते ऐकू येतात, कारण ते पुस्तक लिहिलेलं कमी आणि सांगितलेलं जास्त आहे. त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, ते उगाच नाही.

‘कोसला’चंही तसंच. पांडुरंग सांगवीकर सांगवीहून पुण्याला शिकायला जातो, वसतिगृहात राहतो, पैसे उधळतो, नापास होतो, परत येतो. नेमाडे स्वतः सांगवीचे, पुण्यात शिकलेले, मुंबईहून परतलेले. ती वर्षं जगून झाली होती. तीन आठवडे लागले ते कागदावर उतरवायला.

म्हणून पहिल्यांदाच स्पष्ट सांगते. महिन्यात कादंबरी रचली जात नाही, महिन्यात कादंबरी लिहिली जाते. रचणं आधी चाललेलं असतं, बांधावर, एसटीत, कापूस वेचताना, पाण्याच्या रांगेत. ज्याच्या मनात काहीच साठलेलं नाही त्यानं हा खटाटोप करू नये असं मी म्हणणार नाही, पण त्याला महिन्याच्या शेवटी वही भरलेली दिसेल, कादंबरी दिसेलच असं नाही. आणि ज्याच्या मनात साठलं आहे त्यानं मात्र आणखी दहा वर्षं ‘वेळ मिळाला की लिहीन’ म्हणू नये.

का म्हणू नये, तेच या प्रस्तावनेतलं माझं मुख्य सांगणं आहे. सुट्टी-सुट्टीला एकेक प्रकरण लिहीत चार वर्षं काढली, तर चार वर्षांपूर्वी पहिलं प्रकरण लिहिणारा माणूस आणि आज शेवटचं लिहिणारा माणूस एक राहत नाही. मधे लग्न होतं, बाप जातो, दोन दुष्काळ येतात, राग निवतो किंवा नव्यानं पेटतो. पहिल्या प्रकरणात ज्या चुलत्याचा तिटकारा होता त्याच्याविषयी शेवटच्या प्रकरणात कणव वाटायला लागते. हा बदल कादंबरीतून आलेला नसतो, तो लिहिणाऱ्याच्या आयुष्यातून घुसलेला असतो, आणि वाचणाऱ्याला फक्त फाटलेलं जाणवतं. कथा एका बैठकीत होते, कवितेला एखादी दुपार पुरते. कादंबरीत पंधरा-वीस माणसं, दोन-तीन घरं, एक गाव आणि काही वर्षं एकाच वेळी एका डोक्यात जिवंत ठेवावी लागतात. कोण कुणाला काय बोललं, कुणाच्या कानावर काय गेलेलं नाही, वाड्याचं दार कोणत्या बाजूला आहे, हे सगळं. आठ दिवस वही उघडली नाही की त्यातली निम्मी माणसं गप्प होतात, आणि त्यांना पुन्हा बोलतं करण्यात पुढचे आठ दिवस जातात. रोज लिहिलं की ती गप्प बसतच नाहीत. महिन्याची मुदत घालायची ती एवढ्यासाठी. घाईचं मला कौतुक नाही.

या प्रयत्नाला जगात मोठं रूप दिलं ते अमेरिकेत. १९९९ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात क्रिस बेटी नावाच्या तरुणानं मित्रमंडळी जमवली, एकूण एकवीस जण, आणि महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची असं ठरवलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी नोव्हेंबर धरला आणि पुढं दर नोव्हेंबरात जगभर लाखो माणसं या नादाला लागली. ‘नॅनोरायमो’ हे त्याचं सुटसुटीत नाव. त्यातून खरोखरची पुस्तकं आली. सारा ग्रुएन यांची ‘वॉटर फॉर एलिफंट्स’ (२००६) आणि एरिन मॉर्गनस्टर्न यांची ‘द नाइट सर्कस’ (२०११) या दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्यांचे पहिले खर्डे असेच नोव्हेंबरात लिहिले गेले. ‘द नाइट सर्कस’चा खर्डा नंतर पुढची काही वर्षं पुन्हा पुन्हा लिहिला गेला, हेही इथंच नोंदवते.

२०२४ मध्ये त्या संस्थेनं यंत्राकडून लिहून घेण्याबाबत नरमाईची भूमिका घेतली, त्यावर लेखक मंडळी चिडली, काही नामवंत बाहेर पडले, आणि २०२५ च्या वसंतात संस्था बंद झाल्याचं जाहीर झालं. मला या भांडणात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. पन्नास हजार शब्द हवे असतील तर ते आता यंत्र एका दुपारी देईल. तेव्हा शब्द जमवणं हे या महिन्याचं काम आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापुढं काम उरलेलं नाही. पण ज्या बाईनं नवरा गेल्यावर दोन एकर कोरडवाहूवर तीन लेकरं वाढवली तिला आपली गोष्ट सांगायची असेल, तर ती तीस दिवस रोज स्वतःच्या आयुष्यात उतरणार आहे. हे उतरणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही. त्या उतरण्यात जे हाती लागेल ते तिलाही आधी ठाऊक नसतं. ते तिलाच शोधावं लागेल.

शब्दांच्या हिशेबाचंही सांगून टाकते. पन्नास हजार हा आकडा इंग्रजीचा आहे. तिथं जे तीन-चार शब्दांत सांगावं लागतं ते आपल्याकडे ‘घरातल्यांसाठी’ एवढ्या एका शब्दात बसतं. तो आकडा जसाच्या तसा घेतला तर आपण उगाचच जास्त ओझं उचलू. रोज हजार शब्द आणि तीस दिवसांत तीस हजार, एवढं पुरे. फुलस्केपच्या रेघी कागदावर मध्यम अक्षरात साधारण चार पानं होतात. दोनशे पानी एक वही घेतली तर खाडाखोड धरून त्यात सगळं मावतं. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ (१९७१) ज्यांनी वाचली असेल त्यांना माहीत आहे की कादंबरीला जाडी लागत नाही. लातूर जिल्ह्यातल्या या लेखकानं एका शिंप्याच्या बायकोला, पारबतीला, बोलतं केलं, तिच्या बोलीत, आणि एका संसाराची राख होताना दाखवली. एकच आवाज, एकच गाव, थोडी माणसं. मराठवाड्यात राहून पहिली कादंबरी लिहायला घेणाऱ्यानं ‘पाचोळा’ वाचल्याशिवाय वही उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. आपलं बोलणं छापण्याजोगं आहे का ही जी भीती आपल्या भागातल्या माणसाला असते, ती तिथं जाते.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. रोज पुढंच जायचं, मागचं दुरुस्त करायचं नाही, हा नियम कशाला? काल लिहिलेलं वाईट आहे हे दिसत असताना तसंच सोडून पुढं कसं जायचं? याचं उत्तर मी पुस्तकातून देत नाही. आपल्या राणीसावरगावात रेणुकादेवीचं ठाणं आहे. रेणुकेचा आणि तुळजाभवानीचा गोंधळ ज्यांनी रात्रभर बसून ऐकला आहे त्यांना मी एवढंच म्हणते की आठवून पाहा. चौक भरलेला असतो, दिवटी पेटलेली असते, संबळ आणि तुणतुणं चालू असतं. पूर्वरंगात देवांना बोलावणं होतं आणि उत्तररंगात नाईक आख्यान लावतो. एकदा आख्यान लागलं की ते पुढंच जातं. एखादी ओळ घसरली, एखाद्या राजाचं नाव चुकलं, म्हणून नाईक थांबून ‘पुन्हा पहिल्यापासून घेतो’ म्हणत नाही. तो चूक पुढच्या वाक्यात सावरून घेतो, साथीदार मधेच प्रश्न टाकतो त्यावर वळण घेतो, कुणाला डुलकी लागली असेल तर हसवून जागं करतो, आणि पहाटे आरतीपर्यंत कथा आणून पोचवतो. परभणीचे राजारामबापू कदम गोंधळमहर्षी म्हणून ओळखले गेले ते पाठांतरामुळं नक्कीच, पण त्याहूनही या पोचवण्यामुळं. त्यांच्यासारख्यांना ऐकत वाढलेल्या मुलखाला लांब गोष्ट एका दमात सांगायला बाहेरून शिकावं लागणार नाही.

पहिला खर्डा म्हणजे असा रात्रीचा गोंधळ समजावा. तुमच्यापुढं ऐकणारा आहे असं धरून चालावं. साथीदाराचा प्रश्न तर फारच उपयोगी. जिथं अडलात तिथं वहीत तोच लिहा, ‘मग तिच्या भावानं काय केलं?’ आणि खालच्या ओळीवर उत्तर द्यायला लागा. नंतर तो प्रश्न खोडता येतो. ज्यांचा हात लिहायला धजत नाही, शाळा सुटून वीस वर्षं झाली आहेत, त्यांनी बोलावं. हल्ली मोबाइलवर मराठीत बोललेलं अक्षरांत उतरतं. चुका होतात, पण उतरतं. बोलून कादंबरी होते का, अशी शंका असेल तर रशियन कादंबरीकार डोस्टोयेव्हस्कीचं उदाहरण घ्या. स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाशी त्यानं असा करार करून ठेवला होता की १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही तर पुढची नऊ वर्षं त्याचं सगळं लेखन प्रकाशकानं फुकट छापावं. ऑक्टोबर उजाडला तरी हाती एक ओळ नव्हती. मग ॲना स्नीटकिना ही वीस वर्षांची लघुलेखिका येऊ लागली. तो सांगायचा, ती उतरून घ्यायची आणि घरी जाऊन स्वच्छ लिहून आणायची. सव्वीस दिवसांत ‘द गॅम्बलर’ पुरी झाली. जुगाराच्या नादानं बुडालेल्या माणसाची ती गोष्ट आहे आणि तो नाद त्याला स्वतःला होता. इथंही साठवण आधीची, महिना फक्त लिहिण्याचा. पुढच्या फेब्रुवारीत दोघांनी लग्न केलं.

आता महिना कोणता, हे ठरवू. अमेरिकेतला नोव्हेंबर आपल्याला परवडणारा नाही. तेव्हा आपल्या रानात कापसाची वेचणी चालू असते, मजुराला उसंत नसते, ज्वारी-हरभऱ्याकडे बघायचं असतं, आणि गंगाखेड तालुक्यातली कितीतरी कुटुंबं तोवर ऊसतोडीला कारखान्यांकडे गेलेली असतात. उन्हाळ्यात लगीनसराई आणि वर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन. मृगापासून पेरणी, मग कोळपणी, खुरपणी.

मी भाद्रपद सुचवते. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी भाद्रपद लागतो आणि सर्वपित्रीला संपतो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. बरोबर एक महिना, आणि दोन्ही टोकांना असे दिवस की सबंध गावाला ते पाठ आहेत, वेगळं कॅलेंडर बघायला नको. पिकं उभी असतात, खुरपणं बहुतेक आवरलेलं असतं, सोयाबीन काढायला अजून अवकाश असतो. चातुर्मास असल्यानं लग्नं नसतात. दुसऱ्या पंधरवड्यात तर पितरांचे दिवस, कुणी नवी कामं काढत नाही, पाहुणेरावळे कमी. आणि घटस्थापनेला थांबावंच लागतं, कारण त्यानंतर देवीचे नऊ दिवस येतात आणि त्यात घरी बसून लिहू म्हणणाऱ्याला गावात कुणी बसू देणार नाही. मुदत अशी हवी की ती आपण हलवू शकणार नाही. ‘कोसला’ही पावसाळ्याच्या याच उतरत्या दिवसांत लिहिली गेली, हा योगायोग मला आवडतो.

मुदतीचा मराठी लेखकांना तिटकारा आहे असं म्हणतात, ते खरं नाही. मराठी कादंबरी मुदतीवरच वाढली. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो!’ त्यात क्रमशः दिली. आठवडा आला की मजकूर हवाच. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजतागायत मराठी लेखक श्रावण-भाद्रपदात मान खाली घालून लिहितो, कारण अंक दिवाळीला निघायचा असतो. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांनीही. त्यांना महिन्यात एक कादंबरी म्हणजे विश्रांतीच वाटली असती. त्यांच्या पुस्तकांनी तालुक्याच्या वाचनालयांत वाचणारी पिढी तयार केली. त्यांची नावं घेताना नाक मुरडणाऱ्यांनी आधी एक तरी गोष्ट शेवटापर्यंत नेऊन दाखवावी.

पण महिना कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न मला टाळायचा नाही. साने गुरुजी तुरुंगात होते, तिथं ना चूल होती ना पाहुणे. नेमाड्यांना खोली होती. डोस्टोयेव्हस्कीकडे उतरून घेणारी ॲना होती. आपल्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. आवाहन, पूजन, विसर्जन हे तीन दिवस आणि त्याआधीचे फराळाचे, घर सारवण्याचे, सोळा भाज्या जमवण्याचे दिवस धरले तर घरातल्या बाईचा आठवडा जातो. त्यात श्राद्धाचा स्वयंपाक. तिला ‘रोज हजार शब्द’ सांगणं अन्याय आहे. तिनं तीस दिवसांचे बावीस धरावेत आणि ते आधीच घरात सांगून टाकावेत, विचारू नये, सांगावं. लेकीनं, सुनेनं, सासूनं मिळून एकीच्या वाटचं दुपारचं काम वाटून घेतलं तर दीड तास निघतो. दीड तासात हजार शब्द होतात. घरातल्या पुरुषानं हा महिना सकाळचं पाणी भरलं तर त्याचं नाव अर्पणपत्रिकेत घालावं, असं मी मनापासून सुचवते. गंगाखेड ही जनाबाईची भूमी आहे. दळता-कांडता तिनं अभंग रचले, हे आपण अभिमानानं सांगतो. पण अभंग जात्यावर होतो, कादंबरी होत नाही. तिला बसायला जागा आणि दार लावून घ्यायची मुभा लागते, आणि ती देणं हे घराच्या हातात आहे.

नोकरी करून लिहिणाऱ्यांसाठी परभणीतच एक मोठं नाव आहे. बी. रघुनाथ. म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म १९१३ चा, सातोन्याचा. निजामाच्या राज्यात बांधकाम खात्यात नोकरी, कचेरीची भाषा उर्दू, मराठीला राजाश्रय नाही, पुण्या-मुंबईच्या मासिकांपासून दूर. तरीही कविता, कथा, आणि ‘ओ’, ‘हिरवे गुलाब’, ‘बाबू दडके’, ‘उत्पात’, ‘म्हणे लढाई संपली’, ‘जगाला कळले पाहिजे’, ‘आडगावचे चौधरी’ अशा सात कादंबऱ्या. १९५३ च्या सप्टेंबरात ते गेले तेव्हा वय चाळीस. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. तो थांबला असता, निवृत्तीनंतर लिहू म्हणाला असता, तर मराठवाड्याचा तो काळ कादंबरीत यायचा राहिला असता. आपल्या जिल्ह्यात शाळा-कॉलेजांतून त्यांच्या कादंबऱ्या वाचल्या जायला हव्यात तितक्या वाचल्या जात नाहीत, याची मला खंत आहे.

महिन्यात न होणाऱ्या कादंबऱ्याही आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’मागं (१९८८) कागदपत्रांचा अभ्यास आहे. ‘कोसला’ तीन आठवड्यांत लिहिणाऱ्या नेमाड्यांची ‘हिंदू’ यायला २०१० साल उजाडावं लागलं. ज्या गोष्टीला तुम्हाला दप्तरं चाळायची आहेत, चार जिल्हे फिरायचे आहेत, ती बाजूला ठेवा. या महिन्यासाठी अशी गोष्ट घ्या की जिच्यातलं गाव तुम्हाला डोळे मिटून चालता येतं. जमिनीच्या वाटणीवरून बोलणं बंद झालेले दोन भाऊ. कोयता घेऊन आईबापांबरोबर कारखान्यावर गेलेली आणि मार्चात शाळेत परतलेली मुलगी, जिला वर्गात कुणी ओळखत नाही. विहीर खोदताना पाणी न लागलेला माणूस. या गोष्टी इथं प्रत्येक गल्लीत आहेत आणि त्यांच्यातल्या फार थोड्या कागदावर आल्या आहेत. असाराम लोमटे यांच्यासारखा परभणी जिल्ह्यातला कथाकार आपल्या भागातल्या माणसांवर लिहितो आणि ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळतो, तेव्हा इथं सांगण्यासारखं काही घडत नाही ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

साधारण बाराव्या-तेराव्या दिवशी, गणपती उठायच्या सुमाराला, कादंबरी कंटाळवाणी वाटायला लागेल. सुरुवातीचा जोर ओसरलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. या दिवसांत बहुतेक वह्या बंद होतात. तेव्हा नवं पात्र आणू नका, अपघात घडवू नका, कुणाला मारू नका. आधीच आलेल्या माणसांपैकी जो सगळ्यात कमी बोलला आहे त्याच्याकडे वळा आणि तो काय लपवतो आहे ते लिहा. हा उपाय चालतो, कारण गप्प माणसाकडे कादंबरीतलं उरलेलं सगळं असतं. शेवट आधी ठरलेला असेल तर तो सोडायची तयारी ठेवा. विसाव्या दिवसानंतर पात्रं तुमच्या योजनेप्रमाणे वागेनाशी झाली, तर कादंबरी नीट चालली आहे असं समजा.

घटस्थापनेला वही बंद करायची आणि कुणाला दाखवायची नाही. सोयाबीन काढा, दसरा-दिवाळी करा, कापूस वेचा. तूर घरात आली, संक्रांत झाली की मग ती उघडा. दरम्यान तुम्ही तिला विसरलेले असता, आणि विसरलेला माणूसच चांगला वाचक होतो. पहिल्यांदा ती स्वतः मोठ्यानं वाचा. जिथं जीभ अडखळते तिथं वाक्य तुमचं नाही, कुठून तरी वाचलेलं आलं आहे, ते काढा. दुसऱ्यांदा लिहिताना तीस हजारांतले दहा हजार शब्द गेले तरी घाबरू नका. हे दुसरं लिहिणं महिन्यात होत नाही आणि त्याला मुदतही घालू नका. त्यानंतर कुणातरी एकाला वाचायला द्या, लेखकाला नको, वाचकाला. गावात वाचनालयाचं पुस्तक वेळेवर परत करणारं एखादं माणूस असतंच.

पुढच्या पानांवर प्रतिपदेपासून अमावस्येपर्यंत सत्तावीस टिपणं आहेत, महालक्ष्म्यांचे तीन दिवस सोडून तिथीगणिक एक. प्रत्येक टिपण अर्ध्या पानाचं आहे, कारण ते वाचण्यात लिहिण्याचा वेळ जाऊ नये. महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांची पानं मुद्दाम कोरी ठेवली आहेत. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या नसतील त्यांनी तिथं आपल्या कादंबरीतल्या माणसांची नावं, वयं, नाती आणि कुणाचं घर कुठं आहे ते लिहून ठेवावं. तिसऱ्या आठवड्यात त्याची गरज पडते.